केसभर आत

दवाखान्यात शिरल्यावर डाव्या हाताला एक अरुंद खोली होती. दारावर पिवळा त्रिकोण, आणि त्याखाली 'लेझर चालू असताना आत येऊ नये, मोबाइल बंद ठेवावा' अशी पाटी. त्या दाराआड सोळा वर्षं जी बाई बसली, तिला झाडूवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे लाइटबाई म्हणत. तिला एक खरं नावही होतं, पण ते हजेरीच्या वहीतच राहत असे, बाहेर फारसं पडत नसे.

खोलीत एक उंच खाट, एक फिरतं स्टूल, खिळ्यावर टांगलेले दोन हिरवे गॉगल आणि चाकांच्या टेबलावर मशीन. मशीनला दोन तोंडं. एक बारीक, पेनासारखं, ते सांध्यांसाठी. त्याला ती पेनच म्हणे. दुसरं बशीएवढं गोल, भोकाभोकांतून लाल ठिपके उजळणारं, ते पाठीसाठी, कातडीवरच्या चट्ट्यांसाठी आणि जखमांसाठी. त्याला ती झारी म्हणे, कारण झाडांना पाणी घालायच्या झारीचं तोंड हुबेहूब तसंच असतं. कंपनीच्या पुस्तकात दोघांची लांबलचक नावं छापलेली होती. ती डॉक्टरांनाही एका दमात म्हणता येत नसत.

नवा पेशंट आला की लाइटबाईचं भाषण ठरलेलं. "गॉगल लावा. भाजणार नाही, टोचणार नाही, काहीच वाटणार नाही. काही वाटलंच तर मला सांगा, म्हणजे मी सांगेन की उगाच वाटतंय. हा लाल दिसतो ना, तो नुसता वाट दाखवायला. खरा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. तो आत जातो आणि पेशींना म्हणतो, उठा, लोळत काय पडलात, कामाला लागा." पेशींना उठवताना तिचा आवाज असा काही लागे की खाटेवरची माणसंच दचकून उठून बसत.

आणि माणसं तरी एकेक काय. निवृत्त मास्तर मानेसाठी येत. दहापैकी किती दुखतंय, असं विचारलं की डोळे मिटून ध्यान लावत. "काल साडेपाच होतं. आज पाच म्हणालो असतो बाई, पण प्रामाणिकपणे सव्वापाच." शिंपीणकाकूंचा अंगठा धरलेला. "दुखतंय म्हणजे? कात्री नुसती दिसली तरी दुखतंय. मला कात्रीचा फोटो दाखवा, बघा दुखतं की नाही." आणखी एकीला स्वतःच्या पाठीपेक्षा जावेच्या पाठीची खबर जास्त. "तिची बरी झाली हो चार खेपांत. तिला काही वेगळं लावलंत का तुम्ही?"

संध्याकाळी घरी गेल्यावर लाइटबाई हे सगळे आवाज काढून दाखवी. मास्तरांचं ध्यान, शिंपीणकाकूंचा वर धरलेला अंगठा, सगळं. ऐकायला अक्का.

अक्का ही तिची थोरली बहीण. रस्त्याच्या वळणावर अक्काचं इस्त्रीचं दुकान आणि मागे राहायच्या दोन खोल्या. लाइटबाई नवऱ्याचं घर दोन वर्षांत आटोपून एका बॅगेसकट परत आली, तेव्हा काय झालं, कुणाचं चुकलं, असलं अक्काने काही विचारलं नाही. म्हणाली, "दारात काय उभी राहिलीस टवळे. इस्त्रीचा गठ्ठा आहेस का, कोणी येऊन न्यायला?" त्याला सव्वीस वर्षं झाली. टवळे, अवदसे, शहाणे, दीडशहाणे, ही अक्काच्या मायेची चढती भाजणी. दीडशहाणे म्हणाली की समजावं, आज स्वारी फार खुशीत आहे. अक्काचे यजमान, म्हणजे भाऊजी, सायकलवरून कपडे पोचवत आणि दिवसाला सरासरी तीन शब्द बोलत. उरलेले अक्का बोले.

इस्त्रीचं टेबल अक्काच्या उंचीचं मुद्दाम करून घेतलेलं होतं. एकतीस वर्षं ती त्या टेबलामागे उभी होती. बसून इस्त्री करणाऱ्यांबद्दल तिचं मत एका वाक्यात होतं: "बसून केलेल्या इस्त्रीची कॉलर बसकीच निघते."

तर अशा या अक्काच्या डाव्या पायावर एका दुपारी गरम इस्त्री घसरली. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला. साखर बारा वर्षांची, पायांची जाण केव्हाच बोथट झालेली. "आधी वास आला," अक्का सांगे, "मी म्हटलं, कुणाचा कपडा जळतोय. बघते तर माझाच पाय."

दोन महिने ती जखम तशीच ओली राहिली. मोठ्या इस्पितळातल्या सर्जनबाई वयाने तरुण, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्य कात्रीने कापून हातात ठेवावं. "भरती व्हा. जखम साफ करू. पायाला रक्त पोचतंय का बघू. दीड महिना उभं राहायचं नाही." अक्काला यातलं फक्त शेवटचं ऐकू आलं. घरी येईपर्यंत ती तेच घोळवत होती. "उभं राहायचं नाही म्हणे. मग काय, आडवी पडून कपड्यांना धाक दाखवू? दीड महिना दुकान बंद ठेवलं की गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत जातं, आणि तिकडून कोणी परत येत नाही."

तेव्हा लाइटबाई म्हणाली, "मला सात आठवडे दे. दिवसाआड झारी धरते. भरती होऊ नकोस. थोडं कमी उभी राहा, बस."

ती काही थापा मारत नव्हती. झारीखाली भरून आलेल्या जखमा तिने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. एका ट्रक चालवणाऱ्याची नडगी, एका म्हातारीचा पाठीवरचा व्रण. फक्त एवढंच, की त्या ट्रकवाल्याचं पट्टी-बँडेज इस्पितळात चालू होतं आणि म्हातारीची सून दर दोन तासांनी तिची कूस बदलत होती, हे ती सोयीने विसरली होती. आपण ज्याला हात लावला तेवढंच माणसाला आठवतं. डॉक्टरांना विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "बेसिकली, हरकत नाही. पण सर्जनला दाखवत राहा." डॉक्टरांचं प्रत्येक वाक्य बेसिकलीने सुरू होई आणि पणने उलटे. लाइटबाईने पणच्या आधीचं तेवढं घरी नेलं.

आता तिची कामाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीत अडकलं.

जखम लहान होते की मोठी, हे नुसत्या नजरेला नीट कळत नाही. म्हणून दर सोमवारी ती जखमेवर एक स्वच्छ पातळ प्लास्टिक ठेवी, त्यावर दुसरं, आणि वरच्या प्लास्टिकवर बारीक मार्करने जखमेच्या कडेकडेने रेघ मारी. खालचं फेकायचं, वरचं तारीख घालून फाइलला लावायचं. त्यांना ती कागद म्हणे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कंपनीच्या पुस्तकातली चित्रं बघून तिने स्वतः सुरू केलं होतं, आणि डॉक्टरांचे डिग्रीवाले मदतनीस येऊन गेले, बदलून गेले, तरी तिच्याइतकी सुबक फाइल कुणाला जमली नव्हती.

अक्काचे पहिले पाच कागद खरे होते. लिंबाच्या चकतीएवढी जखम पाच सोमवारांत मोठ्या नाण्याएवढी झाली. अक्का खाटेवर गॉगल लावून पडे आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं बोले. "काय गं, तुझ्या पेशी उठल्या का? माझ्याच पेशी त्या, अकराशिवाय उठायच्या नाहीत." बाहेर बाकावर मास्तर हसत, मग मान धरून म्हणत, "सहा."

डॉक्टरांनी ते पाच कागद पाहिले आणि ते हरखले. आसपासच्या डॉक्टरांची एक बैठक असे, चहा-बिस्किटांसह. तिथे ते लाइटबाईलाच घेऊन गेले. पाचही कागद एकावर एक ठेवून पडद्यावर दाखवले, तर कापलेल्या ओंडक्यात वर्तुळं दिसतात तशा आत आत जाणाऱ्या रेघा. "बेसिकली, मशीन काय, कोणीही विकत घेईल. पण हात यांचा आहे," डॉक्टर म्हणाले. नऊ डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे आठांनी, एकाच्या हातात बिस्कीट होतं. लाइटबाईच्या सोळा वर्षांत तिच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती, आणि त्या आधीच्या वर्षांचं तर बोलायलाच नको. निघताना डॉक्टरांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "तीन महिन्यांनी पुढचा भाग. तेव्हा शेवटचा कागद कोरा असेल."

सहाव्या सोमवारी जखम तेवढीच होती.

जखमेची कड म्हणजे काही नकाशावरची हद्द नव्हे. आधी लालभडक असतं, मग फिकट गुलाबी, मग पांढरं, भिजून सुरकुतलेलं. यातली कड कुठली, हे रेघ मारणारीने ठरवायचं. पाच सोमवार तिने पांढऱ्याच्या आतून, गुलाबीला धरून रेघ मारली होती. सहाव्या सोमवारी तिला वाटलं, हे गुलाबी म्हणजे नवीन कातडीच की. तिने रेघ केसभर आत घेतली. केसभर आत मारलेल्या रेघेला कुणी खोटी म्हणत नाही. तिने स्वतःही म्हटलं नाही.

पुढच्या सोमवारी आधीचा कागद समोर होताच. त्याच्यापेक्षा मोठी रेघ मारायला हात धजेना. पुन्हा केसभर. असे बारा सोमवार गेले. मागून घेतलेले सात आठवडे मधेच कधी उलटले, कुणी मोजले नाहीत. एखाद दिवशी मार्कर टेकवता टेकवता ती मनात म्हणे, हाताला जे दिसतंय ते डोळ्यांना का दिसत नाही. मग गॉगल पुसायची. दोष गॉगलचा.

अक्काची कुरबुर थट्टेतून येई. "पाय आपला जड झालाय गं. तुझा लाइट आत साठतोय का काय?" लाइटबाई म्हणे, "उभी किती राहतेस ते सांग आधी." "तू सांगितलंस तेवढी. आणि वर थोडी." असं म्हणून दोघी हसत. एकदा रात्रीचं जेवण झाल्यावर भाऊजी हात पुसता पुसता म्हणाले, "वास येतोय." त्या दिवसाचे त्यांचे ते पहिलेच शब्द. लाइटबाई म्हणाली, "मलमाचा आहे भाऊजी." भाऊजींनी मान हलवली. मलमातलं त्यांना काय कळणार, कळणारी घरात होती.

सतरा कागद झाले. बैठक आठवड्यावर आली. अशा एका सकाळी टीव्हीवाला आला.

टीव्हीवाला म्हणजे टीव्ही, रिमोट, मिक्सर, जे म्हणून बंद पडतं ते उघडून बसणारा. वाकून वाकून पाठ गेलेली, म्हणून झारीचा पेशंट. दारावरची पाटी त्याने पहिल्या दिवशी वाचली आणि त्या दिवसापासून मोबाइल खिशात ठेवून आत येऊ लागला. पालथा पडल्या पडल्या त्याचं चालूच. "ताई, हा जो न दिसणारा प्रकाश म्हणता, तो रिमोटमध्ये पण असतो. दिसत नाही, पण टीव्ही लागतो. बरोबर?"

"असेल."

"असेल काय, आहेच. गिऱ्हाईक रिमोट घेऊन आलं की आम्ही तो उघडत पण नाही आधी. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि बटण दाबायचं. डोळ्याला न दिसणारं कॅमेऱ्याला दिसतं. एक गंमत करू? तुमचं हे मशीन दिसतं का बघू."

"मोबाइल बंद ठेवा, पाटी वाचली नाहीत का?"

"वाचली. अक्षर छान आहे."

त्याच्यापुढे कोण बोलणार. तिने त्याला गॉगल काढू दिला नाही, आणि पेन भिंतीवरच्या पांढऱ्या कागदावर रोखलं. मोबाइलच्या पडद्यावर कागदाच्या मधोमध एक निळसर पांढरा ठिपका लख्ख उमटला. टीव्हीवाला खूश. "बघा. आता मोठा." तिने झारी धरली. मशीन नेहमीसारखं टुंई वाजलं, लाल ठिपके उजळले. पडद्यावरही लालच ठिपके दिसले. त्यांच्या अवतीभवती काही नाही. मोबाइल जवळ नेला, लांब नेला, झारी बंद करून पुन्हा लावली. लाल. बाकी अंधार.

"ताई," टीव्हीवाला म्हणाला, "तुमचा मोठा रिमोट गेलाय."

"लाल आहे की."

"लाल माझ्या स्टॅबिलायझरला पण आहे. त्याच्यावर कुणी पाठ शेकत नाही." मग त्यालाच काही सुचलं. "थांबा थांबा, मग माझी पाठ कशाने बरी झाली? गेल्या महिन्यात पोतं उचललं मी." आणि तो खाटेवर बसून पोट धरून हसू लागला. "म्हणजे मी तीन महिने नुसता तुमच्यासमोर पालथा पडायला येतोय."

लाइटबाई हसली नाही. तिने झारी जागेवर ठेवली. खरा प्रकाश दिसत नाही, हे तिने सोळा वर्षं प्रत्येकाला सांगितलं होतं, आणि रोज सकाळी मशीन चालू आहे की नाही ते लाल बघून ठरवलं होतं.

ती तडक डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी आधी दार लावून घेतलं.

"बेसिकली, कधीपासून?"

"माहीत नाही. पण बरेच दिवस झाले असणार. आणखी कोणाकोणाला झारी लावली ते बघून बोलवायला हवं. आमच्या अक्काला तर—"

"बाई, बसा. तुमची फाइल काढा." तिने काढली. डॉक्टर एकेक कागद उलटत गेले. "लहान. लहान. आणखी लहान. सतरा सोमवार. बंद मशीनने जखम लहान होते का?"

"नाही."

"मग मशीन चालू होतं. बेसिकली, गेल्या एकदोन दिवसांत गेलं असेल. कंपनीचा माणूस येईल, दुरुस्त करेल. पण बोभाटा नको." आणि फाइल त्यांनी अशी अलगद मिटली, जसं झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालावं. "बैठक पुढच्या आठवड्यात आहे."

दगडाखाली हात सापडणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं, आणि दगड तिनेच घासून पुसून ठेवलेला. मशीन बंद होतं म्हणायचं तर कागद खोटे. कागद खरे म्हणायचे तर मशीन चालू. तिने फाइल काखोटीला मारली आणि भर दुपारी दुकानात गेली.

अक्का टेबलामागे उभी होती, एका पायावर भार देऊन.

"पाय दाखव."

"आज काय सोमवार आहे?"

"दाखव म्हणते ना."

"अगंबाई, आवाज चढला. काय झालं टवळे, डॉक्टरने हाकललं की काय?" पण अक्काने पाय स्टुलावर ठेवला. लाइटबाईने पट्टी सोडली. सतरावा कागद, बोटाच्या पेराएवढ्या गोलाचा, जखमेवर ठेवला. सोळा वर्षांत तिने हजारदा जखमेवरून कागदावर रेघ उतरवली होती. कागद उलटा जखमेवर ठेवून बघायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. रेघेच्या बाहेर, चारी बाजूंनी, जखम उरली होती. पुढून दोन बोटं. मागून, टाचेकडे, त्याहून जास्त, आणि तिथला रंग लाल नव्हता, गुलाबी नव्हता.

भाऊजी सायकल लावून आत आले होते. त्यांनी कागद पाहिला, पाय पाहिला. "चला," म्हणाले, आणि दुकानाचं शटर एकतीस वर्षांत पहिल्यांदा दुपारी ओढलं.

सर्जनबाईंनी पट्टी उघडली आणि दिवा जवळ ओढला. "चार महिन्यांपूर्वी भरती व्हा म्हटलं होतं. मधे कुठे होता?"

"लेझर चालू होतं," लाइटबाई म्हणाली.

"लेझर वाईट नाही. पण लेझर एकटं नसतं. जखम साफ करायची. पायाला आराम. रक्त पोचतंय का बघायचं. ते केलंत?" मग त्यांचं लक्ष फाइलकडे गेलं. त्यांनी वरचा कागद उचलून पायाशी धरला, मागे तारीख वाचली, पुन्हा धरला. "हे कुणाच्या पायाचं आहे?"

खोलीत चौघं होती. अक्का खाटेवर, भाऊजी दाराशी. लाइटबाईला अजून वाट होती. चुकून दुसऱ्याचा कागद आला, असं म्हणता आलं असतं. मशीन बंद पडलं होतं, असंही म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं.

"याच पायाचं," ती म्हणाली. "मशीन बंद पडलेलं मला कळलं नाही. पण रेघ मी आत मारली. बारा सोमवार."

सर्जनबाईंनी कागद खाली ठेवला. "मावशी," त्या अक्काला म्हणाल्या, "हाडापर्यंत गेलंय. तपासून सांगते. पण मनाची तयारी ठेवा."

अक्का छताकडे बघत होती.

चौथ्या दिवशी पाय गुडघ्याखाली कापला.

लाइटबाई इस्पितळातून एकदाच दवाखान्यात गेली. तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं, कागदांचंही, आणि म्हणाली, झारी लावलेल्या सगळ्यांना बोलवा, कुणाची जखम असेल, कुणाचा चट्टा चिघळला असेल. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. बेसिकली, त्यांनी तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. आणि पेशंटांना जे सांगितलं त्यात मशीनचा शब्द नव्हता. लाइटबाईंनी नोंदी खोट्या केल्या, घरच्याच माणसाचा पाय घालवला, आपण लगेच कारवाई केली. यातला एकही शब्द खोटा नव्हता. डॉक्टरांनीही रेघ जरा आतून मारली होती, इतकंच.

बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. शिंपीणकाकू दुकानावरून जाताना अंगठा मुठीत दाबून रस्ता ओलांडू लागल्या. जावेच्या पाठीची खबर ठेवणारी मुद्दाम आत आली. "म्हणजे माझ्या पाठीला तुम्ही नुसता दिवाच दाखवलात तर. तरी म्हटलं, जावेला का गुण आला." मास्तर मात्र टेबलापाशी येऊन प्रामाणिकपणे उभे राहिले. "बाई, मला तर पेन होतं. ते चालू होतं म्हणता ना? मग हे सगळं ऐकल्यापासून माझी मान सातवर का गेलीय?" याचं उत्तर कंपनीच्या पुस्तकातही नसेल. टीव्हीवाला एकदा येऊन अक्काच्या खुर्चीला चाकं बसवून गेला. एकही विनोद न करता गेला.

आता टेबलामागे लाइटबाई उभी राहते. टेबल तिला तीन बोटं उंच पडतं, खांदे भरून येतात, पण ती ते बोलत नाही. अक्का बाजूला चाकाच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकांचे कपडे मोजून घेते. पाय कसा गेला, असं नवीन कोणी विचारलं तर म्हणते, "साखर हो." लाइटबाई इस्त्री थांबवून सांगायला तोंड उघडते, तर अक्का म्हणते, "बाह्या राहिल्यात."

इस्पितळातून आल्यापासून अक्काने तिला एकदाही टवळे म्हटलेलं नाही. अवदसे नाही, दीडशहाणे तर नाहीच. "जरा पाणी देतेस का?" म्हणते. "तुला वेळ असेल तर." "राहू दे, दमली असशील." पहिल्या दिवशी हे ऐकून लाइटबाईला वाटलं, कुणा गिऱ्हाइकाशीच बोलतेय, म्हणून तिने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. नकला करून दाखवणं आपोआप बंद पडलं. एकदा तिने मास्तरांचं सातवालं करून दाखवलं, अगदी डोळे मिटून. अक्का म्हणाली, "छान," आणि शर्टांना चिठ्ठ्या टाचत राहिली.

भाऊजी कपडे पोचवायला गेलेले होते, दुकानात दोघीच, अशा एका दुपारी लाइटबाईने विचारलं. गेले तीन महिने ती तेच विचारायचं टाळत होती. तिला खरं तर उत्तर नको होतं. अक्काने एकदा तोंड सोडावं, सव्वीस वर्षांचं सगळं काढावं, दारातच उभी ठेवली असती तर बरं झालं असतं म्हणावं, एवढंच हवं होतं.

"अक्का, घोटा तर तुझ्या डोळ्यांसमोर होता. जखम वाढतेय ते तुला दिसत नव्हतं का गं?"

अक्काने हातातली चिठ्ठी नीट टाचली.

"दिसत होतं की."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कागद दाखवायचीस ना. दर सोमवारी लहान." अक्काचा आवाज सरळ होता, कुठेही चढ नाही, उतार नाही. "मी म्हटलं, मी इस्त्रीवाली. माझ्या डोळ्यांपेक्षा तुझ्या कागदाला जास्त कळत असेल."

लाइटबाईच्या हातातली इस्त्री कॉलरवर टेकलेली होती. धूर निघायला लागला तेव्हा अक्काच म्हणाली, "उचलतेस का जरा? जळतंय बहुतेक."